एक्स्टेंडेड कट म्हणजेच खरा पिक्चर? सरसकट तर मुळीच नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, मला वेगवेगळ्या ग्रुपवर तीन वेळा आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की थिएटरमधे दाखवतात तो पिक्चर अर्धवट असतो, स्टुडिओवाले दिवसाला जास्त शो बसावेत म्हणून डायरेक्टरच्या नाकावर टिच्चून कापाकापी करतात, खरा पिक्चर म्हणजे एक्स्टेंडेड कट, जेवढा लांब तेवढा पूर्ण. कापलेले सीन तयारच पडलेले असतात, नुसते परत जोडायचे. टीव्ही सिरीजचंही तेच, ओटीटीवर वेळेचं बंधन नाही मग कापायचं कशाला. आणि शेवटची ओळ, यात कोणाचंच नुकसान नाही, ज्याला छोटा बघायचाय त्याने छोटा बघावा.

आधीच सांगतो, मी लांबीच्या विरोधात नाही. लॉर्ड ऑफ द रिंग्जचे तिन्ही भाग मी लांबवालेच बघतो आणि दरवर्षी बघतो. पण या मेसेजमधे एडिटिंग नावाच्या कामाला चक्क चोरी ठरवलंय, आणि ते मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, स्टुडिओ कापतो आणि डायरेक्टर बिचारा बघत बसतो. हे घडलेलं आहे, आणि वाईट घडलेलं आहे. डायरेक्टर ऑर्सन वेल्स ब्राझीलला शूटिंगला गेलेला असताना १९४२ साली आरकेओ स्टुडिओने त्याच्या 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'मधून चाळीसहून जास्त मिनिटं काढली, शेवट नवा शूट करून लावला आणि काढलेली निगेटिव्ह नष्ट केली, ते आता कधीच बघायला मिळणार नाही. सर्जिओ लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका' १९८४ साली युरोपात २२९ मिनिटांचा होता तो अमेरिकेत १३९ मिनिटांचा करून लावला, वर पुढेमागे फिरणारी सगळी गोष्ट सरळ तारखेवार लावून टाकली. 'किंगडम ऑफ हेवन'मधून सिबिला नावाच्या राणीच्या लहान मुलाचा अख्खा धागाच गेला, त्यामुळे थिएटरमधे बघणाऱ्याला ही बाई शेवटी अशी का वागते तेच कळत नाही, नंतरच्या तीन तासांच्या व्हर्जनमधे कळतं. इथपर्यंत मेसेजवाल्याशी माझं भांडण नाही.

पण यावरून 'प्रत्येक' पिक्चरला हेच लागू करायचं म्हणजे कहर आहे. लॉर्ड ऑफ द रिंग्जचा डायरेक्टर पीटर जॅक्सनने स्वतःच्या लांब व्हर्जन्सना मुद्दाम एक्स्टेंडेड एडिशन म्हटलं, डायरेक्टर्स कट म्हटलं नाही, कारण त्याच्या मते थिएटरमधे लागले तेच त्याचे कट आहेत. जेम्स कॅमेरॉनचं टर्मिनेटर २ बद्दल तेच. आणि एलियनचं तर ऐकाच. २००३ साली त्याचा 'डायरेक्टर्स कट' आला तेव्हा त्याचा डायरेक्टर रिडली स्कॉटने सोबत लिहूनच दिलं होतं की मला १९७९ चाच परफेक्ट वाटतो, अजूनही वाटतो. स्टुडिओला काहीतरी नवीन विकायला हवं होतं, काढलेले सीन आत घालून बघितले तर पिक्चर रेंगाळायला लागला, म्हणून त्याने काही घातलं आणि काही काढलं. शेवटी तो कट मूळ पिक्चरपेक्षा एक मिनिट लहान निघाला! डीव्हीडीच्या डब्यावर डायरेक्टरचं नाव आणि डायरेक्टर म्हणतोय मला जुनाच आवडतो.

त्यात शब्दाचाही घोळ आहे. धंद्यात डायरेक्टर्स कट म्हणजे शूटिंग संपल्यावर डायरेक्टर एडिटरबरोबर बसून जो पहिला कट बनवतो आणि प्रोड्यूसरला दाखवतो तो. अमेरिकेत डायरेक्टर्स गिल्डच्या नियमाप्रमाणे फीचर फिल्मला त्यासाठी साधारण दहा आठवडे मिळतात. फायनल कट म्हणजे शेवटचा शब्द कोणाचा, ती वेगळीच गोष्ट, ते ज्याच्या त्याच्या करारावर. डब्यावर छापलेला डायरेक्टर्स कट हा तिसराच प्रकार, तो बऱ्याचदा मार्केटिंगवाल्यांचा शब्द असतो. मेसेजमधे हे तिन्ही एकाच पिशवीत कोंबलेत.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. मेसेजमधे गृहीत धरलंय की ढवळाढवळ म्हणजे नेहमी कापणं. पण स्टुडिओने जबरदस्तीने फुटेज *वाढवलंय* अशी उदाहरणं बघा की. १९८२ च्या ब्लेड रनरमधे प्रेक्षकाला कळणार नाही म्हणून हिरोची कॉमेंटरी टाकली आणि शेवटी गोड गोड ड्राइव्ह जोडला, त्यातले डोंगरांवरचे हवाई शॉट तर कुब्रिकच्या शायनिंगमधे न वापरलेले, उरलेले होते. ते दुरुस्त करायचं म्हणजे काय करावं लागलं? काढावं लागलं. शोले घ्या. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो, १९७५ मधे आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने ते चालू दिलं नाही, मग पोलीस येऊन अडवतात असा नवा शेवट शूट करून लावला, आणि मूळ शेवटाचा रिस्टोअर केलेला पिक्चर लोकांसमोर यायला २०२५ उजाडलं. स्पीलबर्गला 'क्लोज एन्काउंटर्स' पुन्हा नीट करायला पैसे हवे होते, कोलंबिया स्टुडिओने दिले पण अट घातली की यानाचं आतलं दृश्य दाखव, जाहिरातीला बरं पडेल. १९८० च्या स्पेशल एडिशनमधे ते दाखवलं, आणि १९९८ मधे त्याने ते स्वतः काढून टाकलं, कारण जे दिसायलाच नको होतं ते दाखवलं गेलं होतं. डेव्हिड लिंचच्या १९८४ च्या ड्यूनचं टीव्हीसाठी तीन तासांच्या वरचं व्हर्जन १९८८ मधे बनवलं, सुरुवातीला चित्रं दाखवून लांबलचक माहिती, तेच तेच शॉट परत वापरलेले, लिंचने आपलं नाव काढून घेतलं आणि डायरेक्टर म्हणून अ‍ॅलन स्मिदी हे टोपणनाव लागलं. १९७८ चा सुपरमॅन टीव्हीवर दोन रात्रींत दाखवला तेव्हा चाळीसेक मिनिटं वाढवलेली होती, कारण चॅनलकडून पैसे मिनिटाच्या हिशोबाने मिळत होते. म्हणजे लांबी वाढवणं हासुद्धा तितकाच धंदा आहे जितकं कापणं. किती मिनिटं यावरून काहीच कळत नाही, कोणी केलं आणि कशासाठी केलं ते बघावं लागतं.

दुसरा मुद्दा, लांब म्हणजे पूर्ण. यावर मला एकच पिक्चर नीट उलगडून सांगायचाय, कॅमेरॉनचा एलियन्स. थिएटरमधे १३७ मिनिटं, नंतरची स्पेशल एडिशन १५४. वाढीव भागात एक सीन आहे, नायिका रिप्ली ५७ वर्षांनी जागी होते तेव्हा तिला कळतं की तिची मुलगी म्हातारी होऊन वारली. पुढे न्यूट नावाच्या पोरीसाठी ती जिवावर उदार होते त्याला या सीनमुळे वजन येतं, हा सीन मला हवाच हवा. पण त्याच एडिशनमधे, सैनिक तिथे पोचायच्या कितीतरी आधी, त्या ग्रहावरची वस्ती दाखवलीय, माणसं, पोरं, न्यूटचं कुटुंब त्या पडक्या यानापर्यंत जातं तेही. आणि तिथे घात होतो. थिएटरच्या कटमधे आपण सैनिकांबरोबरच त्या रिकाम्या वस्तीत पहिल्यांदा पाऊल टाकतो, आपल्यालाही त्यांच्याइतकंच माहीत असतं, म्हणून प्रत्येक बंद दारापाशी छातीत धडधडतं. आधीच सगळं बघितलेलं असेल तर आपण नुसते वाट बघत बसतो की यांना कधी कळणार. एकाच कटमधे एक सीन पिक्चर वर नेतो आणि दुसरा खाली ओढतो. मग 'पूर्ण' कुठला म्हणायचा?

डॉनी डार्कोचंही असंच, २००४ च्या कटमधे पुस्तकाची पानं पडद्यावर आणून सगळं समजावून सांगितलंय आणि जे गूढ मनात राहायचं ते तिथेच संपतं, निदान माझ्यापुरतं तरी. कोपोलाने 'अपोकॅलिप्स नाऊ'मधे २००१ साली ४९ मिनिटं घातली आणि २०१९ मधे फायनल कट करताना त्यातलं बरंच पुन्हा काढलं. राजामौलीने बाहुबलीचे पाच तासांच्या वर जाणारे दोन भाग २०२५ मधे एकत्र करून चार तासांच्या आत आणले. स्वतःच्याच पिक्चरला कात्री लावणारे हे लोक काय चोर आहेत?

तिसरा मुद्दा, सीन तयारच असतात. हे लिहिणाऱ्याने काढलेला कच्चा सीन कधी बघितलेला नसावा. आवाज सेटवर रेकॉर्ड झालेला तेवढाच, कुठे कुठे डबिंग बाकी, पावलांचे दारांचे आवाज नाहीत, रंग जुळवलेले नाहीत, हिरव्या पडद्यासमोर नट नुसताच उभा. आणि संगीत! म्युझिक डायरेक्टर शेवटच्या कटवर सेकंदासेकंदाने संगीत बसवतो, मधेच अर्धं मिनिट घुसडलं की पुढचं सगळं घसरतं. लॉर्ड ऑफ द रिंग्जचे लांब कट इतके एकसंध वाटतात ते उगाच नाही, म्युझिक डायरेक्टर हॉवर्ड शोरने त्यांच्यासाठी वेगळं संगीत केलंय, इफेक्टचे नवे शॉट बनवलेत, त्यावर पैसे आणि महिने गेलेत. एक्झॉर्सिस्टमधला जिन्यावरून उलटं उतरण्याचा सीन १९७३ मधे गेला कारण तारा दिसत होत्या, २००० मधे कॉम्प्युटरवर तारा पुसल्या तेव्हा तो परत आला. सुपरमॅन २ च्या २००६ च्या डॉनर कटमधे (म्हणजे मूळ डायरेक्टर रिचर्ड डॉनरच्या व्हर्जनमधे) एक महत्त्वाचा सीन मुळात शूटच झालेला नव्हता, म्हणून ऑडिशनच्या टेस्टचं फुटेज लावावं लागलं, हिरो क्रिस्टोफर रीव्हचे केस आणि चष्मा शॉटगणिक बदलतात. जस्टिस लीगचं डायरेक्टर झॅक स्नायडरचं चार तासांचं व्हर्जन २०२१ मधे आलं त्यासाठी तर अपुरे इफेक्ट पुरे केले आणि काही सीन नव्याने शूट केले. तयार होतं म्हणे.

टीव्हीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. अमेरिकन अर्ध्या तासाच्या कॉमेडीला जाहिराती वगळून बावीसेक मिनिटं उरतात आणि चांगले विनोद नुसते वेळेपायी जातात हे खरं, म्हणून फ्रेंड्सच्या डीव्हीडीवर जास्तीचे प्रसंग होते, द ऑफिसचे लांब एपिसोड २०२१ पासून पीकॉक या अमेरिकन ओटीटीवर यायला लागले. मीही बघितलेत, हसलोय. पण कॉमेडीचा जीव वेळेत असतो, एका शांत नजरेवर जिथे हशा पिकायचा तिथे तीन नजरा आणि दोन वाक्यं आली की तोच प्रसंग मिळमिळीत होतो. आणि इथेही वाढीव फुटेज विक्रीसाठी शूट झालंय, लिंचच्याच ट्विन पीक्स सिरीजच्या पायलटला, म्हणजे पहिल्या एपिसोडला, युरोपात व्हिडिओवर सिनेमा म्हणून विकता यावं म्हणून रहस्य तिथल्या तिथे उलगडणारा वेगळा शेवट जोडला होता. उलट त्याच सिरीजवरच्या १९९२ च्या पिक्चरमधून काढलेले सीन लिंचने २०१४ मधे दीड तासाचं वेगळं संकलन करून दिले, पिक्चरला हात न लावता. मला ही पद्धत सगळ्यात आवडते.

राहिलं ते 'कोणाचंच नुकसान नाही, छोटा बघायचाय त्याने छोटा बघावा'. कुठे बघावा? १९९७ मधे स्टार वॉर्सच्या पहिल्या तीन पिक्चरमधे नवे शॉट घातले तेव्हापासून लोकांनी थिएटरमधे बघितलेली मूळ व्हर्जन्स बाजारातून जवळजवळ गायबच झाली, २००६ मधे डीव्हीडीवर एकदा दिली तीही जुन्या लेझरडिस्कवरून घेतलेली, धूसर. अमॅडियसला १९८४ च्या कटसाठी आठ ऑस्कर मिळाले, आणि ब्लू-रे घ्यायला गेलं तर कितीतरी वर्षं फक्त २००२ चा तीन तासांचा कट हाती यायचा. ऑस्कर मिळालेला पिक्चर नीट स्वरूपात परत यायला २०२५ साल लागलं. तोपर्यंत मधल्या काळात ज्यांनी तो पहिल्यांदा बघितला, त्यातल्या बऱ्याच जणांना आपण बक्षीस मिळालेला कट बघतच नाही आहोत हे माहीतसुद्धा नव्हतं.