एक गेज जाड ट्यूब टाकली की विषय संपला?

भोसरी-चाकणच्या मेंटेनन्सवाल्यांत एक मेसेज फिरतोय. मला तो चार ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘हीट एक्स्चेंजरची ट्यूब फुटली म्हणजे गंज किंवा हलका माल. फ्लो डिझाइनच्या आत असेल तर कंपन होत नाही. आवाज नाही म्हणजे कंपन नाही. रिट्यूबिंगला एक गेज जाड ट्यूब टाका, विषय संपला.’

माझं पोट रिट्यूबिंगवरच, म्हणजे जुन्या ट्यूब काढून नव्या बसवण्यावरच आहे, तरी सांगतो, हे रोग हल्याला अन् औषध पखालीला असं आहे.

एक्स्चेंजर म्हणजे शेल नावाच्या पिंपात ट्यूबांचा जुडगा, त्याला बंडल म्हणतात. ट्यूबच्या आतून एक प्रवाह, बाहेरून दुसरा, आणि एकाची उष्णता दुसऱ्याला. आधी गंज. बंडल बाहेर काढलं की ट्यूबवरून नख फिरवून बघा. गंजाचे खड्डे वेडेवाकडे, कुठेही असतात. कंपन जागा धरून खातं: ट्यूबना टेका देणाऱ्या भोकांच्या आडव्या प्लेटा म्हणजे बॅफल; बरोबर त्यांच्या भोकात कानशीनं घासल्यासारखी चकचकीत कडी, नाहीतर दोन बॅफलच्या मधोमध शेजारशेजारच्या ट्यूबवर समोरासमोर सपाट डाग. आणि हलका माल? कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे अणुवीज केंद्रातले स्टीम जनरेटर, म्हणजे वाफ करणारे ट्यूबचे एक्स्चेंजरच, नवे कोरे होते, ट्यूब अलॉय ६९० या गंजाला दाद न देणाऱ्या निकेल मिश्रधातूच्या. वर्षही भरलं नाही तोच ३१ जानेवारी २०१२ ला युनिट ३ मध्ये गळती झाली. यू-बेंडमध्ये, म्हणजे ट्यूब यू आकारात वळतात तिथे, आधाराच्या पट्ट्या होत्या, पण वाकाच्या प्रतलातच ट्यूब हेलकावे खात होत्या, त्या दिशेनं त्यांना पुरेसा अटकाव नव्हता. जून २०१३ मध्ये दोन्ही युनिटं कायमची बंद करायचं ठरलं.

आता जाड ट्यूब. कागद-पेन्सिल घेऊन बसलो. १९.०५ मिमीची पोलादी ट्यूब, आतबाहेर पाणी, भिंत १.६५ ऐवजी २.११ मिमी, म्हणजे एक सोडून दोन गेज जाड. ताठपणा वाढला, पण वजनही वाढलं. टिचकी मारली की ट्यूब सेकंदाला जितक्या वेळा हलते, ती तिची स्वाभाविक वारंवारता; ती जितकी जास्त, तितकं प्रवाहाला ट्यूब हलवणं अवघड. ती वाढली जेमतेम तीन-चार टक्के! तीच ट्यूब ९०० ऐवजी ६०० मिमीवर टेकवा, वारंवारता सव्वादोन पट होते, कारण ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. जाड भिंतीला भोक पडायला जास्त दिवस लागतात, हे मान्य. पण घासणं थांबत नाही.

‘डिझाइनच्या आत’ हा आकडा सरासरीचा. इनलेट नोझलसमोरच्या, म्हणजे प्रवाह आत शिरतो त्या तोंडासमोरच्या ट्यूबना सरासरीशी देणंघेणं नसतं. प्रवाहाला वाट म्हणून प्रत्येक बॅफलचा एक भाग कापलेला असतो; त्या कापात येणाऱ्या ट्यूब तर एकाआड एक बॅफलवरच टेकतात, म्हणजे अंतर दुप्पट, वारंवारता चौथाईच्या आसपास. त्यात जोडीतला एक एक्स्चेंजर धुवायला काढला की सगळा फ्लो दुसऱ्याच्या गळ्यात. वेगाची एक हद्द असते. तिच्या आत ट्यूब नुसती थरथरते. हद्द ओलांडली की तिच्या हलण्यानंच भोवतीचा प्रवाह बदलतो आणि तो प्रत्येक फेरीला झोका वाढवत नेतो. मग ट्यूब फुटायला फार वेळ लागत नाही.

आवाजाचं म्हणाल तर घुमणारा सूर मुख्यतः शेलमध्ये वायू असताना येतो. पाण्याच्या एक्स्चेंजरशेजारी पंप चालू असताना काय ऐकू येणार?

कोटेशन मागवताना गेजच्या आधी बॅफल ड्रॉइंग मागा. बंडल तेच ठेवायचं असेल, तर नोझलसमोरच्या आणि कापातल्या ट्यूबच्या ओळींत पट्ट्या सरकवून मधला आधार देता येतो का, तेही विचारा.