१६० रुपयांच्या तिकिटावर एका चाकरमान्याला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि तावातावाने लिहिलेली आहे. अशा माणसाला ‘धन्यवाद, विचार करतो’ म्हणून वाटेला लावणं बरं दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात. आपल्या गावच्या बाजारात नवीन झालेल्या एकपडदा थिएटरचं १६० रुपयांचं तिकीट मी इथे मागे रास्त म्हटलं होतं. तुम्ही लिहिलंत की मुंबईत मंगळवारी ९९ रुपयांत मल्टिप्लेक्सला जाता येतं, मग गावात १६० कशाचे? पहिल्या रांगेलाही तोच दर, पॉपकॉर्न १२० ला, पाण्याची बाटली ३० ला आणि घरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. जत्रेत दशावतार फुकट बघणाऱ्या लोकांकडून एवढे पैसे घेणं म्हणजे लूट आहे, कर्नाटकासारखे इथेही सरकारने दर बांधून द्यावेत. आणि शेवटी, “तुमका पास फुकट गावले असतले.”

नाय गावले. खिडकीवर उभा राहून तिकीट काढलं, बायकोचंही मीच काढलं. तो विषय संपला.

तुमचा मंगळवार खरा आहे, पण तो आठवड्यात एकदाच येतो. त्याच खुर्चीला शनिवारी संध्याकाळी किती मोजता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मंगळवारची सवलत शनिवारच्या गर्दीवर पोसली जाते, आणि तिथे आठ-दहा पडदे असतात. एकावर सिनेमा पडला तर दुसरा चालतो. इथे एकच पडदा. शुक्रवारी लागलेला सिनेमा चालला नाही तर पुढच्या शुक्रवारपर्यंत खुर्च्यांना हवा घालत बसायचं.

आता १६० जातात कुठे ते बघा. १०० रुपयांवरच्या तिकिटाला जीएसटी १८ टक्के, म्हणजे १६० मधले २४ रुपये ४१ पैसे सरकारचे. उरले साधारण १३५ रुपये ६० पैसे. त्यातला वितरकाचा, म्हणजे सिनेमा पुरवणाऱ्याचा, वाटा बाजूला काढायचा. २००९ साली याच वाट्यावरून निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं भांडण होऊन दोन महिने नवे मोठे हिंदी सिनेमे लागलेच नव्हते, आठवत असेल. नंतरच्या तडजोडीत वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्याला ५० टक्के, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस आणि पुढे ३० असं ठरलं. लहान थिएटरांचे करार आपापले असतात, पण पहिल्या आठवड्याला निम्मं धरायला हरकत नाही. म्हणजे मालकाच्या हातात तिकिटामागे जेमतेम ६८ रुपये.

त्या ६८ मधून पगार, वीज, बँकेचा हप्ता. शिवाय खारी हवा. समुद्राच्या एवढ्या जवळ एसीच्या बाहेरच्या युनिटची काय अवस्था होते, हे तुमच्या गावच्या घरातल्या फ्रिजच्या मागची बाजू बघितलीत तरी कळेल. आणि पावसातली लाईट. मी गेलो त्या शोला मध्यंतरानंतर लाईट गेली. पडदा काळा, पायऱ्यांवरच्या बारक्या पट्ट्या तेवढ्या पेटलेल्या, मागून कोणीतरी मोबाईलची बॅटरी लावलेली. जनरेटर धडधडला, डिझेलचा वास दारातून आत आला, पण प्रोजेक्टर काही घरच्या टीव्हीसारखा लगेच उठत नाही. तोवर दोन पोरं जाऊन वडापाव खाऊन आली. सिनेमा जिथे थांबला होता त्याच्या थोडा आधीपासून लावला. कोणी तक्रार केली नाही, उलट टाळ्या पडल्या. त्या डिझेलचे पैसेही तिकिटातूनच येणार.

म्हणून शनिवार-रविवारच्या १६० बद्दल मी जे लिहिलं त्यावर ठाम आहे. पूर्वी हाच सिनेमा बघायला कुडाळ-कणकवली नाहीतर थेट पणजी गाठायची, आणि रात्रीच्या शोहून परतताना एसटी नाही म्हणून गाडी करायची. गाडीभाड्यातच दोन माणसांची तिकिटं गेली असती.

पण मंगळवारी दुपारच्या शोलाही १६०? इथे मी तुमच्या बाजूने उभा आहे, आणि कारणही मालकाच्याच वहीतून काढून देतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी फक्त ५ टक्के आहे. आधी तो १२ होता. म्हणजे १०० रुपये मूळ दर ठेवला तर प्रेक्षकाला तिकीट १०५ ला पडतं. त्यातले ५ सरकारचे, उरलेल्या शंभरातले निम्मे म्हणजे ५० मालकाचे. प्रेक्षकाचे ५५ रुपये वाचले आणि मालकाचे गेले फक्त १८! बाकीचा भार सरकार आणि वितरक मिळून उचलतात. दोन माणसांच्या जागी तीन आली की मालकाला १३६ ऐवजी १५० मिळतात. मंगळवारी दुपारी त्या हॉलमध्ये डझनभर डोकी असतात, तिथे दोनाचे तीन करणं काही अवघड नाही. मोठ्या नटाच्या सिनेमाला वितरक सहजासहजी दर उतरवू देणार नाहीत, हे कबूल. पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि मराठी सिनेमाला, का नाही? करमणूक कर होता तेव्हा मराठी सिनेमाला तो माफ असायचा. जीएसटी भाषा बघत नाही. निदान हा शंभराचा उंबरठा तरी वापरा.

दर उतरला की माणसं येतात, हे काही माझं स्वप्नरंजन नाही. २३ सप्टेंबर २०२२ ला देशभरातल्या मल्टिप्लेक्सनी एक दिवस ७५ रुपयांत तिकीट दिलं होतं. सकाळच्या शोपासून हॉल भरले होते. तुम्हीही गेला असाल.

पहिल्या रांगेबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. मी मुद्दाम मध्यंतरात पुढे जाऊन बसून बघितलं. अ रांगेतून नायकाचं कपाळ बघायचं की हनुवटी, ते आधी ठरवावं लागतं. जुन्या टॉकीजमध्ये पुढे बसणारा कमी पैसे द्यायचा आणि बाल्कनीवाला जास्त, हा न्याय आपल्या आजोबांनाही कळत होता. पुढच्या दोन रांगा स्वस्त करायला काहीही खर्च नाही.

खाण्याचं मात्र दोन्हीकडून बघायला हवं. ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाहेरचं खाणं अडवण्याचा थिएटरला अधिकार आहे. त्याच वेळी पिण्याचं पाणी मोफत द्यायचं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आत न्यायला अडवायचं नाही, हेही आलं. त्यामुळे तुमच्या डब्यातल्या घावण्यांवरून वाद घालून उपयोग नाही, पण पाण्यावरून जरूर घाला. इथे कूलर आहे, फक्त तो स्वच्छतागृहाच्या बोळात आहे, पाटी नाही, आणि साखळीला ग्लास नाही, नुसती साखळी लोंबते आहे. काउंटरवरच्या पोराला विचारलं तर तो आधी ३० ची बाटली पुढे करतो. हे मला खटकलं.

पॉपकॉर्न १२० ला का, तर त्या पैशात वितरकाचा वाटा नसतो. तिकिटातलं निम्मं जातं ते तिथून भरून काढतात. हे सगळीकडे असंच आहे आणि मला पटत नाही, पण न घेणं आपल्या हातात आहे. खरं सांगायचं तर त्या काउंटरवर मक्याऐवजी मालवणी खाजं आणि कोकम सरबत ३०-४० ला ठेवलं तर मी स्वतः दोनदा उठून जाईन.

तुमच्या तिकिटाचे १६० चे पावणेदोनशेच्या वर झाले असंही तुम्ही लिहिलंय, ते ऑनलाइन बुकिंगच्या शुल्कामुळे. ते लावू नये असे राज्य सरकारचे जुने आदेश होते, पण मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या जुलैमध्ये ते रद्द केले. खिडकीवर घ्या, वाचतील.

कर्नाटकाचं म्हणाल तर तिथे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये २०० रुपयांची मर्यादा घातली आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. आणि समजा तो नियम इथे आला, तरी आपलं तिकीट १६० चं. मालकाने उद्या चाळीस रुपये वाढवले तर तुम्ही कुठल्या नियमावर बोट ठेवणार?

दशावतार फुकट होता, हे मात्र मान्य नाही. तो गावाने आधीच भरलेला असायचा. देवस्थान, मानकरी, वर्गणी, कोणा व्यापाऱ्याची देणगी, यातून मंडळाची बिदागी जायची, म्हणून आपल्याला पहाटेपर्यंत गोणपाटावर बसून बघता आलं. सिनेमाला असा गाव पाठीशी नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एकच वाक्य मला खरोखर लागलं. काजूच्या फॅक्टरीत बसणारी बाई दोन पोरांना घेऊन आली तर दिवसाची मजुरी गेलीच म्हणून समजा. वरचा सगळा हिशोब बरोबर असूनही हे तसंच उरतं. आणि तिच्यासाठी स्वस्त शो लावायचा तर शनिवार नको, तिच्या सुट्टीचा दिवस हवा.

तसंच मासेमारीचं. १ जून ते ३१ जुलै बंदी. होड्या वर ओढून शाकारलेल्या, खलाशी घरी, खिसा रिकामा, आणि चाकरमानी तर मे महिना संपताच परत गेलेले. थिएटरचे सगळ्यात कोरडे दोन महिने नेमके तेच असणार. त्या काळात दुपारचा एक शो १०५ ला लावा, असं मी मालकांना सांगून आलोय, वरचं गणित कागदावर मांडून. ते म्हणाले, “पहिला पावसाळा बघतो, मग ठरवतो.” कागद मात्र घडी करून वरच्या खिशात ठेवला.

तुम्ही चतुर्थीला येणार आहात असं लिहिलंय. गौरी जेवल्या की दुसऱ्या दिवशी दुपारचा शो बघा, हॉल मोकळा असेल. फ रांगेच्या मागे मधली खुर्ची मागून घ्या. आणि कूलरच्या साखळीला ग्लास आला का, ते तेवढं इथे कळवा.