‘डीबी किलर आहे, म्हणजे सायलेन्सर कायदेशीर’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बुलेटवाल्यांच्या आणि दीडशे-दोनशे सीसीच्या गाड्या चालवणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) सायलेन्सरची नोंद नसते, म्हणून तो बदलणे हा कायद्याच्या भाषेत बदलच नव्हे; ८० डेसिबलपर्यंत आवाजाला मुभा आहे; डीबी किलर (आवाज दाबणारी छोटी नळी) बसवलेला आणि ‘ई’ छाप (मान्यतेची परदेशी खूण) असलेला सायलेन्सर रस्त्यावर चालतो; पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र) असली की विषय संपला; आणि पोलिसाच्या हातात आवाज मोजणारे मीटर नसेल तर त्याला दंड करताच येत नाही.

यातला आरसीचा मुद्दा सर्वांत बळकट आहे, म्हणून आधी तोच घेतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ मालकाला मनाई करते ती नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील अशा बदलाची. आणि आरसीवर इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, रंग, इंधन, आसनक्षमता असे तपशील असतात, सायलेन्सर नसतो, हे खरेच आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल करता येणार नाही असे स्पष्ट केले. त्या निकालाच्या आधारे गाडीवरचा प्रत्येक जादा नट-बोल्ट बेकायदा ठरवणारे लोकही आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला तितकेच ताणलेले वाटते. पण सायलेन्सरचा प्रश्न कलम ५२ वर अडून राहतच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२० आरसीचे नावही न घेता सांगतो की प्रत्येक वाहनाला निकास वायूंचा आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असला पाहिजे आणि वाहन ठरलेल्या ध्वनिमर्यादेत बसले पाहिजे. ध्वनी आणि वायुप्रदूषणाची मानके मोडणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे हा कलम १९०(२) खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि चालक तीन महिने परवाना बाळगायला अपात्र ठरतो. त्यावर २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आले, ज्याचे चौथे पोटकलम सुटे भाग बसवून परवानगीबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगते. म्हणजे आरसीचा युक्तिवाद मान्य केला तरी त्यातून एका कलमापुरतीच सुटका होते, आणि तीही वादग्रस्त.

८० डेसिबलचा आकडा हवेतून आलेला नाही, पण तो सगळ्यांचा नाही. दुचाकींसाठी मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, त्यापुढे १७५ सीसीपर्यंत ७७ आणि १७५ सीसीच्या वर ८० अशी आहे. बाहेरचे, म्हणजे गाडीच्या कंपनीचे नसलेले, सायलेन्सर मोठ्या संख्येने ज्या दीडशे-एकशे साठ सीसीच्या गाड्यांना लागतात, त्यांची मर्यादा ७७ आहे; तीन डेसिबलचा हा फरक किरकोळ वाटतो, पण ध्वनिऊर्जेच्या हिशेबात तो जवळजवळ दुप्पट आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा आवाज मोजतात कसा. चाचणीत गाडी ठरलेल्या वेगाने येते, चालक आखलेल्या रेषेवर थ्रॉटल पूर्ण उघडतो, गाडी वेग घेत पुढे जाते आणि तिच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर ठेवलेला मायक्रोफोन सर्वाधिक आवाज टिपतो. घरासमोर साइड स्टँडवर उभ्या, इंजिन मंद चालू असलेल्या गाडीमागे मोबाइलचे अ‍ॅप धरून ‘बघा, ७८ दाखवतोय’ म्हणणाऱ्याने या चाचणीतली एकही अट पाळलेली नसते.

आता डीबी किलर. ही सायलेन्सरच्या नळकांड्याच्या तोंडात आतून बसणारी, भोके पाडलेली अरुंद नळी असते आणि बहुधा एकाच अ‍ॅलन बोल्टवर टिकलेली असते. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात, पुन्हा मागे, पुन्हा पुढे असा फिरवला जातो. बाहेरच्या सायलेन्सरमध्ये मात्र बहुतेक वेळा सरळ आरपार जाणारी सच्छिद्र नळी आणि तिच्याभोवती ग्लासवूल एवढेच असते, त्यामुळे आवाज दाबण्याचा बराचसा भार त्या छोट्या नळीवर येतो. ती बसवल्यावर आवाज कमी होतो, हे निर्विवाद. पण ‘कमी झाला’ आणि ‘मर्यादेत आला’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि दुसरे सिद्ध करायला त्या मॉडेलवर, त्या सायलेन्सरसह झालेली चाचणी लागते. शिवाय मी पाहिलेल्या डीबी किलरपैकी निम्मे तरी गाडीत नव्हे, डिकीत किंवा टँक बॅगेत असतात आणि घाटाचा पायथा आला की अ‍ॅलन की बाहेर निघते.

‘ई’ छापाबद्दलचा गैरसमज जरा सुशिक्षित आहे. वर्तुळातले ई आणि शेजारचा आकडा ही संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या १९५८ च्या करारातली मान्यतेची खूण आहे. आकडा मान्यता देणारा देश सांगतो, उदाहरणार्थ १ म्हणजे जर्मनी. भारत त्या करारात नाही. तो १९९८ च्या वेगळ्या करारात आहे, ज्यात अशी परस्पर मान्यता नाही. मुळात युरोपातही ही मान्यता ठरावीक मॉडेलसाठीच असते, त्यामुळे एका गाडीसाठी मंजूर झालेले नळकांडे क्लॅम्प बदलून दुसरीला लावले की तिथेही ती खूण निरुपयोगी ठरते. आणि बाजारात हजार-दीड हजारात मिळणाऱ्या सायलेन्सरवरच्या छापाबद्दल तर काय बोलावे. तो छाप लेझरने कोरायला फार खर्च येत नाही.

पीयूसीचा मुद्दा चटकन निकाली निघतो. पेट्रोल दुचाकीच्या पीयूसीत मंद चालणाऱ्या इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात; आवाज मोजतच नाहीत. उलट बेंड पाइपसह (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतच्या नळीसह) पूर्ण संच बदलताना त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, गेला असेल, तर १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीबाबत ध्वनीच्या जोडीला वायुप्रदूषणाचाही प्रश्न उभा राहतो.

मीटरबाबत थोडी सवलत द्यायला हवी. डेसिबलची मर्यादा ओलांडल्याचा आरोप मोजमापाशिवाय केला असेल, तर न्यायालयात त्याला आव्हान देण्याचा हक्क चालकाला आहे, आणि केवळ कानाला लागला म्हणून चलान फाडले जाऊ नये, असे माझेही मत आहे. परंतु नळकांड्यातला बाफल (आवाज दाबणारा आतला भाग) काढलेला आहे किंवा मूळ सायलेन्सर जागेवर नाही, हे पाहायला मीटर लागत नाही, आणि कलम १८२अ(४) ला डेसिबलचा आकडा नकोच असतो.

दुकानदार पक्की पावती देतो, हा या संदेशाखाली हमखास येणारा शेरा. त्याच दुकानात खोके उलटून पाहावे. अनेकांवर ‘केवळ ट्रॅकवरील वापरासाठी’ असे बारीक अक्षरांत छापलेले सापडते. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर तो खुशाल लावावा. ताम्हिणी घाट मात्र अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे सार्वजनिक ठिकाण आहे. उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी चाचणी करून अधिकृत अ‍ॅक्सेसरी म्हणून दिलेला सायलेन्सर ही वेगळी गोष्ट, आणि दुकानात विचारायचे ते हेच: या मॉडेलच्या नावाचे चाचणी प्रमाणपत्र आहे का? माझ्या ओळखीच्या एका गॅरेजच्या माळ्यावर पंधरा-वीस मूळ सायलेन्सर गाडीचे शेवटचे चार आकडे खडूने लिहून ठेवलेले आहेत. गाडी विकायची वेळ आली की मालक ते न्यायला येतात, कारण बाहेरचा सायलेन्सर कायदेशीर आहे हे गिऱ्हाइकाला पटवून देणे त्यांनाही जमत नाही.