या मे महिन्यात मी दांडेकर पुलाला असणारे

टीवायचा शेवटचा पेपर झाला की तिसऱ्या दिवसापासून ते शाळा सुरू होईपर्यंत, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत, मी रोज पुण्यातल्या दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत असणारे. सकाळी आठ ते दहा मुलांचं वाचन आणि गणित, संध्याकाळी सहा ते नऊ लोकांचे कागद. हे कागदांचं काम म्हणजे काय तेच खरं मला सांगायचंय.

घरी सांगितलं तेव्हा बाबा एकदम खूश झाले. ते कॉलेजात असताना सोमनाथला गेले होते, बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीला, चंद्रपूरच्या मे महिन्याच्या उन्हात कुदळ-फावडं घेऊन श्रमदान केलेलं, आणि तो विषय निघाला की ते अजूनही थांबत नाहीत. मैत्रिणींचं मात्र म्हणणं पडलं की करायचंच आहे तर मेळघाटला जा ना, पुण्यात काय सेवा करायची, पुण्यात सगळं आहे.

पुण्यात सगळं आहे हेच मला पटत नाही. मेळघाटला जाणाऱ्यांबद्दल मनापासून आदर आहे, पण आपल्या घरापासून दहा मिनिटांवर लोक दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून झोपतात आणि आपल्याला ते दिसत नाही, कारण ते फार जवळ आहे, आपण रोज गाडीवरून पुलावरून जातो आणि खाली बघत नाही.

आम्ही सहकारनगरला राहतो. आंबील ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो, आमच्या भागातून जातो आणि दांडेकर पुलाकडून पुढे मुठेला मिळतो. म्हणजे ओढा आमचा आणि त्यांचा एकच. २७ सप्टेंबर २०१८ला भर दिवसा जनता वसाहतीजवळ मुठा उजवा कालवा फुटला आणि खडकवासला धरणाचं पाणी या वस्तीत घुसलं, पावसाचा काही संबंधच नव्हता. त्यातून लोक जेमतेम सावरतायत तोवर २५ सप्टेंबर २०१९ची रात्र आली. यावेळी ओढ्याला पूर. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. मी आठवीत होते, रात्रभर गॅलरीत उभी होते, वाहत आलेल्या गाड्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज अजून कानात आहे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी त्यानंतर चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या त्या कॅरीबॅग घेऊन. आत रेशनकार्ड, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, लाईटबिलं, सगळ्याचा मिळून एक लगदा झालेला. आईला म्हणाल्या, वहिनी, इस्त्री फिरवून काही होईल का बघा ना. आईने रद्दीचे पेपर पसरले, वर सुती ओढणी टाकली, इस्त्री अगदी कोमट ठेवली. रेशनकार्डाची पानं चिकटलेली होती, मी नखाने हळूहळू सोडवत होते तर पान सुटलं पण त्यावरची नावं समोरच्या पानाला चिकटून गेली. मावशी काही बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या.

नंतर नवं कार्ड काढायला त्या कित्येक महिने फिरल्या. एका ऑफिसात सांगितलं आधीचा पुरावा आणा मग नवीन देतो. पुरावा तर पाण्यात गेलेला! प्रत्येक खेपेला एक दिवसाचं काम बुडायचं, कुठल्यातरी घरी बोलणी बसायची. पूर एका रात्रीत ओसरला पण मावशींसाठी तो वर्षभर चालू होता.

म्हणून कागद. पावसाळ्याआधी घरटी सगळी कागदपत्रं स्कॅन करायची, डिजीलॉकर, म्हणजे कागदपत्रं ऑनलाइन ठेवायचं सरकारी खातं, उघडून द्यायचा, झेरॉक्सचा एक संच झिपलॉक पिशवीत. ऐकायला सोपं वाटतं. पण डिजीलॉकरला आधारशी जोडलेला नंबर लागतो आणि लोकांचे नंबर बदललेले असतात, मार्चमध्ये एका रविवारी आम्ही अकरा घरं केली तर सात घरांत हीच अडचण. म्हणजे आधी आधार केंद्रात नेऊन नंबर बदला, मग पुढचं. संध्याकाळची वेळ ठेवलीय कारण दिवसा कोणी घरी नसतं.

मुलं मात्र घरीच असतात. मे महिन्यात शाळा बंद, शाळेतली खिचडी बंद, आईवडील कामावर, आणि मामाचं गाव प्रत्येकाला नसतं. चौथीतली एक मुलगी छान वाचते पण जोडाक्षर आलं की बोट तिथेच ठेवून माझ्याकडे बघते. तिचं ते बोट पुढे सरकावं एवढं मला या सुट्टीत जमवायचंय.

वस्तीत कितीतरी वर्षं काम करणाऱ्या एक ताई आहेत, त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं, सहा आठवडे रोज येणारेस का? रविवारी फोटो काढून जाणारे खूप येतात गं, मुलं दुसऱ्या दिवशी वाट बघत बसतात. मी हो म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मला धाकधूक आहे, ऊन, अभ्यासाची धड तयारी नाही, लोक माझ्यावर विश्वास का ठेवतील ही भीती. पण मला जायचंय. खूप मनापासून जायचंय.

काल बोहरी आळीतून ए-फोर कागद मावेल अशा शंभर पिशव्या आणल्या. मावशी दोन पिशव्या आत्ताच घेऊन गेल्या, म्हणाल्या पहिला नंबर माझा. सहकारनगर, पर्वती, दत्तवाडी भागात कोणाकडे संध्याकाळचे दोन तास रिकामे असतील, किंवा चालू स्थितीतला जुना स्कॅनर पडून असेल, तर मला मेसेज करा.