एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

ट्रकमधला कंपनीचा टेप तसाच ठेवून त्याला नवे स्पीकर आणि अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) कसा जोडायचा, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, आडपडदा न ठेवता लिहिलंत, त्याबद्दल आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देतो. एक, चोवीस व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतातच, त्यातल्या एकीवरून बारा व्होल्ट उचलले की झालं. चोवीसचे बारा व्होल्ट करणारा कन्व्हर्टर म्हणजे उगाच भुर्दंड. दोन, टेपवरच ‘५० वॅट × ४’ छापलेलं असताना अ‍ॅम्प हवाच कशाला? तीन, रात्री जागं राहायला ड्रायव्हरला दणदणीत आवाज लागतो, ‘स्वच्छ आवाज’ हे घरात बसून ऐकणाऱ्यांचे लाड. तुमच्या स्वतःच्या दोन गाड्या एका बॅटरीवरच चालतात आणि आजवर काही बिघडलं नाही, हेही तुम्ही लिहिलंय.

दुसऱ्या मुद्द्यात तुमचं बरंचसं बरोबर आहे, तिथे येतोच. पहिल्या मुद्द्यावर मात्र मी तसूभरही हलणार नाही.

मोठ्या ट्रकमध्ये बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. एकीचा मायनस बॉडीला, तिचा प्लस दुसरीच्या मायनसला, आणि दुसरीचा प्लस इंजिन फिरवणारा स्टार्टर आणि बॅटऱ्या चार्ज करणारा अल्टरनेटर यांच्याकडे. बॉडीकडच्या बॅटरीला खालची म्हणू, दुसरीला वरची. वायरमन खालचीच्या प्लसवरून एक वायर काढतो आणि टेपला देतो. टेप वाजतो, सगळे खूश.

आता इंजिन चालू झालं की काय होतं ते बघा. अल्टरनेटरचा करंट आधी वरच्या बॅटरीतून जातो. तिथून खाली येताना वाटेतच टेप आणि अ‍ॅम्प आपला हिस्सा काढून घेतात आणि उरेल तेवढाच खालचीला मिळतो. म्हणजे वरचीला रोज जास्त, खालचीला रोज कमी. चार्जिंगचे व्होल्ट सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला यातलं काहीच कळत नाही, कारण तो फक्त दोघींची बेरीज बघतो. अठ्ठावीसच्या आसपास व्होल्ट दिसले की त्याच्या दृष्टीने सगळं ठीक. गाडी उभी असताना गाणी लावली की खालची आणखी उतरते, आणि ते भरून काढायची सोय कुठेच नाही.

कळंबोलीला एका दहाचाकी गाडीवर हे अगदी जवळून पाहिलं. मालकाची तक्रार टेपची नव्हतीच. बॅटरीचं पाणी सारखं संपतं, अशी होती. बॅटरीच्या पेटीचं झाकण काढलं तर वरच्या बॅटरीची बुचं ओली, कडेने फुगलेली, तिच्याखालच्या ट्रेचा पत्रा अ‍ॅसिडने खाऊन पांढरा पडलेला. शेजारची खालची बॅटरी मात्र बाहेरून कोरडी ठणठणीत. इंजिन चालू ठेवून मीटर लावला: वरचीवर १५ व्होल्ट, खालचीवर १३.१. बेरीज २८.१, म्हणजे डॅशबोर्डवरच्या काट्याला सगळं आलबेल. प्रत्यक्षात वरची उकळत होती आणि खालची कायम अर्धपोटी राहून सल्फेट धरत होती, म्हणजे आतल्या प्लेटांवर थर साचून निकामी होत होती. मालकाने याआधी एकच बॅटरी बदलली होती, जी मेली ती. नवी-जुनी जोडी झाल्यावर तफावत आणखीच वाढली.

मग तुमच्या गाड्यांना काही झालं कसं नाही? कारण साधं आहे. नुसता टेप मध्यम आवाजात वाजला तर एक-दोन अँपिअरच्या आत राहतो. तेवढी तूट दोन-तीन वर्षांत बॅटरीचं आयुष्य थोडं कमी करते, आणि ‘बॅटरी गेली’ म्हणून आपण बदलून मोकळे होतो. टेपवर संशय कोणी घेत नाही. पण त्याच वायरवर अ‍ॅम्प जोडलात की खेळ बदलतो. चार चॅनेलचा खरोखर पन्नास-पन्नास वॅट देणारा, वीज कमी वाया घालवणारा क्लास-डी अ‍ॅम्प पूर्ण जोरात अठरा-वीस अँपिअर ओढतो. गाणं सतत पूर्ण जोरात नसतं, त्यामुळे सरासरी त्याहून बरीच कमी पडते, तरी नुसत्या टेपच्या कित्येक पट.

आणखी एक गोष्ट, ही बॅटरीपेक्षा महत्त्वाची. मधून काढलेल्या या वायरला मी बहुतेक गाड्यांत फ्यूज पाहिलेला नाही. शिवाय बॅटरी तोडणारा मेन कटऑफ स्विच प्लसकडे असेल तर तो बंद केल्यावरही ही वायर जिवंतच राहते. म्हणजे तुम्ही कटऑफ पाडून निर्धास्त झोपता आणि चेसिसच्या कडेला घासून सोललेली वायर रात्रभर बॅटरीला थेट जोडलेली. पूर्ण बॅटरीचा शॉर्ट त्या वायरला दोन-तीन सेकंदांत लाल करतो. आजूबाजूला डिझेलची पाइप, ताडपत्री, दोर, आणि केबिनमध्ये झोपलेला माणूस. पैसे वाचवायचे तर स्पीकरमध्ये वाचवा, अ‍ॅम्पमध्ये वाचवा, अ‍ॅम्प घेऊच नका. बॅटरीपासून टेपपर्यंतच्या रस्त्यात वाचवू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

तेव्हा चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टरच लावा. घेताना डब्यावरचा मोठा आकडा बघू नका, ‘कंटिन्युअस’, म्हणजे सतत, किती अँपिअर ते विचारा. वर सांगितलेल्या अ‍ॅम्पला तीसचा पुरेसा आहे. त्याचं इनपुट कटऑफच्या पलीकडून घ्या, म्हणजे कटऑफ पाडला की सगळं बंद. चोवीसच्या बाजूला करंट साधारण निम्मा असतो, तिथे पंधरा अँपिअरचा फ्यूज चालेल, आणि तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. फ्यूज अ‍ॅम्पला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. अ‍ॅम्पच्या तोंडाशी लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर पडते. कन्व्हर्टर तापतो, म्हणून तो सीटमागच्या गादीखाली कोंबू नका. आणि एफएमच्या एरियलच्या वायरपासून लांब ठेवा, नाहीतर स्टेशन पकडताना खरखर येईल. ज्यांच्याकडे बोलेरो पिकअप किंवा टाटा एस आहे त्यांनी हे सगळं विसरून जावं. त्या बारा व्होल्टच्याच गाड्या आहेत, फक्त फ्यूजचं तेवढं लक्षात ठेवा.

वायरबद्दल तुम्ही म्हणता, सिगारेट लायटरच्या सॉकेटमागून घेतली तरी चालते. मोबाइल चार्जरला चालते. अ‍ॅम्पला पंचवीस अँपिअर लागले आणि वायर दीड स्क्वेअर एमएमची, पाच मीटर लांब असली, तर नुसत्या प्लसच्या वायरमध्येच जवळपास दीड व्होल्ट जातात. दहा स्क्वेअर एमएमला हाच आकडा पाव व्होल्टच्याही खाली येतो. बाजारात स्वस्त मिळणारी बरीच ‘अ‍ॅम्प वायर’ आतून अ‍ॅल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली असते. एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी दिसली तर ती दुकानातच ठेवा.

पुढे उलटणाऱ्या केबिनमध्ये आणखी एक गोम आहे. केबिन चेसिसवर रबरी बुशांवर बसते, तिची अर्थिंग एका जाळीच्या पट्टीवर अवलंबून असते. ती पट्टी गंजलेली असली तर अ‍ॅम्पचा करंट दुसरी वाट शोधतो, बऱ्याचदा ऑडिओच्याच वायरची, आणि मग इंजिनच्या आवाजाबरोबर चढत जाणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येते. लोक अ‍ॅम्प बदलतात, टेप बदलतात. दोष त्या पट्टीच्या बोल्टखालच्या गंजात असतो. वायर नेताना केबिनच्या बिजागरीपाशी कंपनीच्या हार्नेससोबतच (वायरींच्या जुडग्यासोबतच) न्या आणि पुरेशी ढील ठेवा. केबिन पूर्ण उलटवून एकदा डोळ्यांनी बघा, मगच टाय मारा.

आता पन्नास वॅटचं. टेपला साधारण १४.४ व्होल्ट मिळतात, आणि त्याच्या आत व्होल्टेज वाढवणारं काही नसतं. चार ओहमच्या स्पीकरला त्यातून स्वच्छ लहर द्यायची तर हिशोबाने कमाल सव्वीस वॅट येतात, आणि चिपमधली घट धरली की अठरा-वीस. मग पन्नास कुठून आले? त्याच १४.४ व्होल्टला लहरीची माथी पूर्ण छाटून चौकोनी केली की गणित बावन्न वॅटच्या आसपास येतं. म्हणजे छापलेला आकडा हा टेप पूर्ण फाटून वाजत असतानाचा आहे. अ‍ॅम्पच्या आत बाराचे वाढवून पंचवीस-तीस व्होल्ट करणारा सप्लाय असतो, म्हणून तो खरे पन्नास देऊ शकतो.

तरीही अ‍ॅम्प प्रत्येकाला लागतोच असं नाही, इथे तुमच्याशी सहमत. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. तेवढीच वाढ ८८ ऐवजी ९१ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॅटला जास्त आवाज देणारा) स्पीकर घेतला तरी मिळते, एकही जादा वायर न ओढता. त्यामुळे ज्याला हात आखडता घ्यायचाय त्याने आधी चांगले स्पीकर घ्यावेत आणि उरलेले पैसे दरवाजावर खर्च करावेत. ट्रकच्या दरवाजाचा पत्रा पातळ, आत मोठमोठी भोकं. स्पीकरच्या पुढून निघालेला आवाज आणि मागून निघालेला आवाज त्या भोकांमधून एकमेकांना भेटतात आणि बास तिथेच मरतो. मागची भोकं बंद केली, पत्र्यावर त्याची थरथर दाबणारी डॅम्पिंग शीट चिकटवली, स्पीकरच्या कडेला फोमची रिंग बसवली, की त्याच टेपवर ढोलकीची थाप नीट कळायला लागते. हे करून बघा आणि मग ठरवा अ‍ॅम्प हवा की नको.

घ्यायचाच ठरला तर एक धोका आधी सांगतो. कंपनीच्या टेपच्या स्पीकर-वायरी दोन्ही जिवंत असतात, त्यांतली मायनस म्हणजे अर्थ नव्हे. ती बॉडीला टेकवली की टेपची चिप जाऊ शकते. ‘मायनस कुठेही बॉडीला मारा’ हा जुन्या टेपच्या काळातला सल्ला आता चालत नाही. टेपच्या स्पीकर-वायरी थेट घेणारा, म्हणजे स्पीकर-लेव्हल इनपुट असलेला अ‍ॅम्प घ्या, म्हणजे मध्ये सिग्नल बदलणारा वेगळा डबा लागत नाही, आणि गेन (सिग्नल वाढवायचं बटण) स्पीकर फाटायच्या बराच आधी थांबवा.

शेवटचा मुद्दा झोपेचा, आणि तो मला सगळ्यात जास्त लागला. मोठ्या आवाजाने झोप पळते असं वाटतं, पण डोळा लागायचा असला की तो आवाजातही लागतो. झोपेवर उपाय गाडी बाजूला घेऊन झोपणं हाच. आणि कानाचंही बघा. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला जास्तीत जास्त आठ तास काढावेत, आणि पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी करावी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. ट्रकमध्ये इंजिनचा आणि वाऱ्याचा आवाज आधीच असतो, त्यावर मात करायला टेप चढवला की आपण कुठे पोचतो याचा अंदाज तुम्हालाही असेल. आवाज फाटका असला की शब्द कळत नाहीत, म्हणून माणूस आणखी चढवतो. स्वच्छ असला की कमी आवाजात भागतं, मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येतो, टायरचा बदललेला सूर ऐकू येतो, क्लिनरची हाक ऐकू येते. दिवसाचे बारा-चौदा तास केबिनमध्ये काढणाऱ्या माणसाला चांगलं ऐकायला मिळावं, याला मी लाड मानत नाही. त्याच्याइतका वेळ आपल्या टेपसोबत दुसरं कोण घालवतं?

तुमच्या दोन्ही गाड्यांसाठी एक विनंती. इंजिन चालू करा, टेप नेहमीच्या आवाजात लावा, अर्ध्या तासाने दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळा मीटर धरा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर ती मधली वायर त्याच दिवशी काढा, दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा आणि मगच कन्व्हर्टर जोडा. आकडे इथेच लिहा, गाडी कुठली आणि बॅटऱ्या किती जुन्या तेही लिहा. पुढचं मी सांगतो.