खुलासा : उपग्रहचित्रांवर संशोधन करायला इंजिनिअरच असावं लागत नाही
सध्या बीएस्सीच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘रिमोट सेन्सिंगमध्ये पीएचडी फक्त इंजिनिअरना मिळते, चित्रं लाखो रुपयांची असतात आणि इस्रोबाहेर कामच नाही.’ रिमोट सेन्सिंग म्हणजे उपग्रहचित्रांवरून जमिनीचा अभ्यास. मेसेजमधल्या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

भूगोल आणि पर्यावरणशास्त्र हे दोन्ही यूजीसी-नेट परीक्षेचे विषय आहेत, म्हणजे पीएचडीची वाट इंजिनिअर नसलेल्यांनाही खुली आहे. या परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली, तर जानेवारी 2023 पासूनच्या दराने महिन्याला 37,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. ही रक्कम खेड्यातून आलेल्या मुलीसाठी फार मोठी आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

चित्रांचं म्हणाल, तर लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची 2008 पासून फुकट आहेत. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची 10 मीटरची चित्रंही फुकटच. 10 मीटर म्हणजे एका ठिपक्यात 1 गुंठा जमीन! पावसाळ्यात मात्र ढगांमुळे या चित्रात पांढऱ्या डागांपलीकडे काही दिसत नाही. तिथे सेंटिनेल-1 चं रडार कामाला येतं, कारण त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात. 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुराचं पाणी त्यात काळंभोर उमटलं होतं, कारण शांत पाणी रडारची लहर दुसरीकडेच परतवतं. पण ते काळं म्हणजे पाणीच की ओला सपाट रस्ता, हे बांधावर जाऊनच ठरतं. मोबाइलचं जीपीएस आणि चिखलातले बूट यांना पर्याय नाही.

इस्रोची डेहराडूनची आयआयआरएस संस्था ऑनलाइन कोर्स विनामूल्य घेते. नागपूरचं एमआरसॅक हे रिमोट सेन्सिंग केंद्र राज्य सरकारचं आहे. विद्यापीठांतही काम चालतं. कायम जागा कमी आहेत, हे मात्र खरं.