स्वस्तात स्लॅब टाकू इच्छिणाऱ्यांसाठी

प्लांटवर कालवून गाडीने येणारे तयार काँक्रीट मागवण्याचा योग बहुतेकांच्या आयुष्यात एकदा किंवा फार तर दोनदा येतो. तेव्हा त्याची फारशी तयारी करू नये. पुरवठादाराला फोन लावून ‘घनमीटरचा दर काय?’ एवढेच विचारावे, आणखी दोघांकडून तसाच एकेक आकडा मिळवावा आणि सर्वांत लहान आकडा सांगणाऱ्याला काम देऊन मोकळे व्हावे. दर कोणत्या ग्रेडचा, पंपासह की पंपाविना, कर धरून की वगळून, प्लांटपासून किती अंतरापर्यंतचा, असे फाटे फोडू नयेत. फोडले तर तिन्ही दरांची खरोखरच तुलना करता येऊ लागते आणि स्वस्त म्हणून निवडलेला दर सर्वांत महाग निघण्याची भीती असते.

ग्रेडची चर्चा तर टाळावीच. एम २५ मधला २५ म्हणजे २८ दिवसांच्या ठोकळ्याने दर चौरस मिलिमीटरला सोसायचा न्यूटनमधला दाब, हे कळून आपल्याला काय करायचे आहे? घनमीटरभर काँक्रीटचे वजन साधारण २४०० किलो भरते, त्यात सिमेंट तीन-साडेतीनशे किलोच असते, पण बिलाचा मोठा वाटा तेच खाते. म्हणून कमी दर ऐकला की कमी काय झाले असेल, हा विचार मनात येतो. तो येऊ देऊ नये. सिमेंटच्या जागी फ्लाय अॅश (कोळशाची बारीक राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) जास्त घातल्याने दर उतरला असेल तर मिश्रण वाईट असते असे नाही. ते सुरुवातीला ताकद सावकाश धरते, इतकेच. तोवर सेंटरिंग, म्हणजे ओला स्लॅब तोलून धरणारे टेकू आणि फळ्या, काढता येत नाही आणि त्याचे भाडे दिवसांवर चढत राहते. ते काँक्रीटच्या बिलात दिसत नाही, हा केवढा दिलासा!

आता मोजमाप. समजा, आपला स्लॅब १०० चौरस मीटरचा आणि १२५ मिलिमीटर जाडीचा आहे. गुणाकार केल्यास साडेबारा घनमीटर येतात. गाडीत सहा घनमीटर मावत असतील, तर दोन गाड्या भरून अर्धा घनमीटर उरतो आणि त्या अर्ध्यासाठी तिसऱ्या गाडीचे किमान भाडे मोजावे लागते. अशा वेळी कसलेला मालक बाराच घनमीटर मागवतो आणि ‘जाडी जरा इकडेतिकडे’ करून भागवू म्हणतो. स्लॅबखालचे प्लायवुड सरासरी पाचच मिलिमीटर खाली दबले तरी आणखी अर्धा घनमीटर गिळते, आणि पंपाच्या १२५ मिलिमीटर व्यासाच्या चाळीस मीटर पाइपमध्ये जवळजवळ तेवढेच काँक्रीट अडकून राहते, ही क्षुल्लक माहिती त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते. सायंकाळी पंप कोरडा घरघरतो, आणि बारा चौरस मीटर सळया, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी खोलीएवढा भाग, तशाच उघड्या राहतात. मग तिसरी गाडी मागवावीच लागते. ती येईपर्यंत आधीच्या काँक्रीटची कड घट्ट झालेली असते, आणि पहिल्या पावसात पाणी नेमके त्या सांध्यातूनच खाली उतरते.

गाडीत खरोखर सहा घनमीटर आहेत का, हे तपासण्याचा एक असंस्कृत मार्ग आहे: भरलेली आणि रिकामी गाडी वजनकाट्यावर घालावी आणि फरकाला २४०० ने भागावे. सहा घनमीटरला सुमारे १४,४०० किलो यायला हवेत. पण यात पुरवठादाराशी असलेले संबंध दुखावतात. त्यापेक्षा ड्रम गरगर फिरताना डोळे भरून पाहावा आणि तो काठोकाठ भरलेला आहे, असे मानावे.

गाडी दारात आली की मगच घाई सुरू करावी. सळया बांधणे बाकी ठेवावे, काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर कोणाकडे आहे ते तेव्हाच शोधावे, आणि गाडी वळण्याच्या जागेवर आपली मोटार उभी करून किल्ली हरवावी. सिमेंटला पाणी प्लांटवरच लागलेले असते, त्यामुळे त्याचे घड्याळ आपल्यासाठी थांबत नाही. सवलतीच्या मिनिटांनंतर थांबण्याचे शुल्क सुरू होते, तेही थांबत नाही. दोन्हींकडे सारख्याच शांतपणे पाहावे.

एव्हाना काँक्रीट घट्ट झालेले असते आणि मुकादम नळी घेऊन पुढे येतो. त्याला अडवू नये. घनमीटरमागे पाचेक लिटर पाण्याने स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती सैल आहे ते सांगणारे माप, अंदाजे २५ मिलिमीटर वाढतो, म्हणजे सहा घनमीटरच्या गाडीला तीस लिटर, मोठ्या दोन बादल्या. माल कसा लोण्यासारखा पसरू लागतो, मजूर खूश होतात. एवढ्याने ताकद एक-दोन न्यूटनच उतरते. पण नळीला बादल्या मोजता येत नाहीत. एम २५ ऐवजी एम ३० घेण्यासाठी आपण जे जास्तीचे पैसे मोजले होते, ते पाच-दहा मिनिटांत त्या नळीतून वाहून जातात. प्लांटवर याच कामासाठी रसायन घातलेले असते आणि दरात त्याचेही पैसे धरलेले असतात, परंतु पाणी फुकट आहे, आणि संपूर्ण स्लॅबमध्ये फुकट मिळणारा तो एकच पदार्थ असल्याने त्याचा मोह सोडणे अवघड असते.

शेवटी सहीसाठी मालाच्या पावतीचे चलन येते. त्यावर माल भरल्याची वेळ, ग्रेड, परिमाण असे बरेच काही छापलेले असते आणि खाली एक ओळ असते: ‘ग्राहकाच्या सूचनेनुसार जागेवर पाणी मिसळले.’ ती वाचत बसू नये, चालकाला पुढची खेप गाठायची असते. तो स्वतःचे पेन पुढे करतो, आणि त्या पेनाचे पैसे मात्र तो लावत नाही.